पद्मिनी घेऊ की अ‍ॅम्बेसेडर?

सीसी आणि बीएचपीचा तक्ता समोर ठेवून ठरवू नकोस. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद 40 बीएचपीच्या आसपास; जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं 1489 सीसीचं. कागदावर अ‍ॅम्बी जिंकते, पण तिचं वजनही तसंच आहे, त्यामुळे सिग्नल सुटल्यावर हलकी पद्मिनी चपळ वाटते. घाटात चार माणसं आणि सामान घेऊन चढायचं असेल तर मात्र अ‍ॅम्बी. तीही 1990 च्या दशकातली, 1.8 लिटर इसुझू इंजिन आणि पाच गिअरवाली मिळाली तर सोडू नकोस. जुन्या बीएमसी (ब्रिटिश कंपनीच्या, 1489 सीसी) इंजिनाचा हट्ट असेल तर हौस म्हणून कर, वेगाची अपेक्षा ठेवू नकोस.

दोघींचे ब्रेक आजच्या गाडीसारखे नाहीत. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेव.

आता खरं काम. लोहचुंबक रुमालात गुंडाळून दाराखालच्या पट्टीवर फिरव. चिकटला नाही तर आत धड पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मी पहिल्या पद्मिनीत याच ठिकाणी फसलो. रंग आरशासारखा होता आणि मॅटखाली पाय रस्त्याला लागेल एवढं भोक! इंजिन उतरवून बांधता येतं रे, कुजलेला पत्रा खिसा रिकामा करतो.

बहुतेक पद्मिनींचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो. गाडी बघायला जाशील तेव्हा दुसऱ्यावरून तिसरा टाकून बघ. अडकला तर लिंकेजचे (गिअरचा दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळ्यांचे) बुश झिजलेले असू शकतात.