फेब्रुवारीत डेथ व्हॅलीत कॅम्पिंगला जातोय. तिथे हाफ मॅरेथॉनचा सराव चालू ठेवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की तीन रात्री तंबूत राहायचंय, एप्रिलमध्ये शर्यत आहे आणि सोबतचे मित्र पळणारे नसले तरी चालायला तयार आहेत. मी कॅलिफोर्नियात राहतो, इथल्याच डेथ व्हॅली नॅशनल पार्कच्या वाळवंटात चार हिवाळे जाऊन आलोय. सराव नक्की चालू ठेवता येईल, पण किलोमीटर विसरा. तिथलं पळणं घड्याळावर आणि सोबतच्या पाण्यावर मोजायचं.

हे मला पहिल्याच खेपेला कळलं. मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्या स्टोव्हपाइप वेल्सच्या कॅम्पपासून गाडीने पाच मिनिटांवर आहेत. सकाळी नऊ वाजता, अर्ध्या लिटरची एकच बाटली घेऊन, सहा किलोमीटर पळून येतो म्हणून मी निघालो. हवा गार होती. वाळूत पळायला घट्ट जमिनीच्या दीडपटीहून जास्त शक्ती लागते, हे शास्त्रज्ञांनी मोजलेलं आहे. चढावर तर पाऊल टाकावं आणि ते अर्धं मागे घसरावं. पण मला फसवलं ते घामाने. आपल्याला सह्याद्रीची सवय. जूनमध्ये राजमाची चढताना शर्ट पिळून काढायची वेळ येते, त्यामुळे पाणी प्यायची आठवण आपोआप राहते. इथली हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आत उडून जातो. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं, म्हणून मला वाटत राहिलं की घाम येतच नाहीये. पाऊण तासाने डोकं ठणकायला लागलं. कानामागे हात लावला तर बोटांना मिठाचे कण चिकटले. बाटली तोवर रिकामी झाली होती.

मागे वळून पाहिलं तर वाऱ्याने माझी पावलं पुसून टाकलेली, आणि चहूकडे सारख्याच टेकड्या. दक्षिणेला टकी नावाचा मोठा डोंगर आहे आणि गाड्यांचा तळ त्याच बाजूला, एवढं लक्षात होतं. तो डोंगर समोर ठेवून चालत राहिलो तेव्हा रस्ता लागला. उरलेला दिवस गाडीच्या सावलीत पडून काढला. तेव्हापासून एक नियम पाळतो: सोबतच्या पाण्यातलं एक तृतीयांश संपलं की परत फिरायचं, मग कितीही थोडंच पळणं झालेलं असो.

पाणी माणशी दिवसाला किमान ४ लिटर धरा, पळणाऱ्याला आणखी जास्त. नुसतं पाणी ढोसू नका, घामातून मीठही जातं. मी एका बाटलीत लिंबू, साखर, मीठ घालून नेतो. खिशात चिक्की आणि खजूर.

पहाटेची वेळ पळण्यासाठी राखून ठेवा. फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, रात्री चांगलीच थंडी असते आणि दुपारी तापमान बहुधा २० ते २५ अंशांच्या आसपास जातं. पळायला मला सर्वांत आवडलेली जागा म्हणजे ट्वेंटी म्यूल टीम कॅन्यनचा कच्चा रस्ता. साधारण सव्वाचार किलोमीटर, पिवळ्या मातीच्या टेकड्यांमधून, आणि गाड्यांना एकेरी. पहाटे तिथे सहसा कुणी नसतं. डांबरी रस्त्यावर पळू नका, कडेला जागा नसते आणि गाड्या वेगात येतात. वाळूत पळायचंच असेल तर वीस मिनिटं पुरेत. सवय नसलेल्या पोटऱ्या आणि टाचेमागची शीर दुसऱ्या दिवशी बोलते, आणि तुमची शर्यत दोन महिन्यांवर आहे.

खरं सांगायचं तर टेकड्यांवर पहाटे जावं ते पळायला नाहीच. रात्री जे जे वाळूवरून फिरलं, त्याची रांगोळी उमटलेली असते. भुंग्यांची बारीक टाक्यांसारखी रेघ, आणि कांगारू रॅटच्या उड्या. हा उंदीर आयुष्यभर पाणी न पिता बियांवर जगू शकतो. आणि ज्या मेस्किटच्या झुडपांवरून त्या जागेला नाव पडलं, ती आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत भावंडं. सोलापूरकडच्या माणसाला शेंगा बघून लगेच ओळख पटते.

मित्रांसोबत गोल्डन कॅन्यनमधून चढून गॉवर गल्चमधून उतरा. सुमारे सात किलोमीटरचा फेरा आहे, आणि दम असेल तर मधूनच झब्रिस्की पॉइंटला जाऊन येता येतं. मोझेक कॅन्यन त्याहून सोपा. सुरुवातीलाच पुरामुळे गुळगुळीत झालेल्या संगमरवरी भिंती आहेत, दोन्ही हात लावत चालावं इतक्या जवळ. पाऊस असेल तर मात्र कुठल्याही घळीत शिरू नका. या भागात वर्षभरात जेमतेम ५ सेंटिमीटर पाऊस पडतो, पण ऑगस्ट २०२३ मध्ये त्याहून जास्त एका दिवसात पडला आणि पार्क कित्येक आठवडे बंद राहिलं. निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर रस्ते आणि कॅम्पग्राउंड चालू आहेत का ते बघाच. आत गेल्यावर बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या.

उन्हाळ्यात हाच प्रश्न विचारला असता तर ‘जाऊ नका’ म्हणालो असतो. याच दरीतल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश नोंदले गेले. जुलैमध्येच इथून माउंट व्हिटनीच्या पायथ्यापर्यंत २१७ किलोमीटरची शर्यत होते, पण त्या धावपटूंसोबत गाडीभर पाणी, बर्फ आणि माणसं असतात.

शेवटची संध्याकाळ बॅडवॉटर या मिठाच्या सपाट मैदानासाठी ठेवा, आणि त्या दिवशी बूट घट्ट करून पळायला जाऊ नका. गाड्यांच्या तळामागच्या कड्यावर बरंच वर समुद्रसपाटीची पाटी लावलेली आहे, तुम्ही तिच्याखाली ८६ मीटरवर उभे असता. गर्दी पहिल्या काही मिनिटांतच थांबते. पुढे मिठावरून अर्धा तास चालत राहा, मागचे आवाज ऐकू येईनासे होईपर्यंत. टॉर्च सोबत असू द्या, अंधार झटकन पडतो.