एक लाख ब्याण्णव हजार किलोमीटर झालेली डिझेल अर्टिगा घ्यावी का?

कराडहून एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, खासगी कंपनीत अकाउंटंट, हातात ५८ हजार पगार येतो. पत्नीच्या शिकवण्यांचे १२ हजार. घराचा हप्ता साडेसोळा हजार, घरखर्च ४१ हजार. त्यातले जवळपास ११ हजार प्रवासावर जातात: बाइकचं पेट्रोल, एसटी आणि चिपळूणला राहणाऱ्या आईवडिलांसाठी वेळोवेळी ठरवावी लागणारी भाड्याची गाडी. वडिलांच्या हृदयाचा त्रास सुरू झाल्यापासून दर शनिवार-रविवार चिपळूण गाठावंच लागतं आणि रात्री-अपरात्री गाडी मिळत नाही. एजंटने चिपळूणमधली २०१६ ची डिझेल अर्टिगा दाखवली आहे. पहिला मालक, रनिंग १,९२,०००, किंमत ५ लाख ४० हजार. साडेचार लाखांची एफडी मोडून, वर एक लाखाचं पर्सनल लोन काढून ती घ्यावी का?

नमस्कार. गाडी घ्या की नको, यावर आधी बोलतो. घ्या. आजारी वडील घाटापलीकडे असताना दारात गाडी असणं ही चैन नाही, आणि तुम्ही पत्रात दोनदा माफी मागितल्यासारखं लिहिलं आहे त्याची काहीच गरज नव्हती. पण ही गाडी, या किमतीला आणि अशा पैशांनी घेऊ नका.

तुमची खरी चूक किमतीत नाही, बेरजेत आहे. साडेचार लाख आणि एक लाख मिळून साडेपाच होतात. गाडीचे ५ लाख ४० हजार गेले, नावावर करण्याचा खर्च गेला की हातात शून्य उरतं. दोन लाखांच्या घरात रनिंग असलेली डिझेल गाडी शून्य रुपये शिल्लक ठेवून घरी आणणं मला अजिबात पसंत नाही. अशा गाडीची किंमत म्हणजे मालकाला दिलेले पैसे अधिक पहिल्या वर्षात गॅरेजला द्यावे लागणारे पैसे. दुसरा आकडा बाजूला काढून ठेवता येत नसेल, तर पहिला आकडा कितीही कमी असला तरी गाडी परवडत नाही.

डिझेलच का, हे आधी पाहू, कारण बरेच लोक हा हिशेब न करताच डिझेल घेतात. तुमचं आठवड्याला चिपळूण जाऊन-येऊन २०० किलोमीटर आणि रोजचं ऑफिस धरून महिन्याला १,४०० च्या आसपास, म्हणजे वर्षाला १७ हजार किलोमीटर. डिझेल ९० रुपये आणि अॅव्हरेज १८ धरलं तर किलोमीटरला ५ रुपये. तशीच पेट्रोल गाडी घाटात १४ देईल. पेट्रोल १०४ धरलं तर साधारण ७ रुपये ४० पैसे. वर्षाला ४० हजारांचा फरक पडतो. तेव्हा तुमच्या वापराला डिझेल शोभतं. हेच रनिंग महिन्याला ५००-६०० असतं, तर मी डिझेलचं नावही काढू दिलं नसतं. वाचलेले पैसे एका नोजलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, कामात परत गेले असते. सीएनजीही पाहून ठेवा, पण जुन्या सीएनजी अर्टिगाला मागणी इतकी आहे की ती तुमच्या बजेटमध्ये धड मिळणं अवघड, आणि सिलिंडरने डिकी अडते ती वेगळीच.

आता ही गाडी. तिच्यातलं १,२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं. हेच कुटुंब स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये, ब्रेझात, टाटाच्या व्हिस्टातही चाललं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि मारुतीने डिझेल बंद केलं, म्हणून लोक घाबरतात. पण इतक्या गाड्यांत हे इंजिन गेलं आहे की कराडचा साधा मेस्त्रीसुद्धा ते डोळे झाकून खोलतो. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ठरावीक अंतराला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. १,९२,००० हा आकडा म्हणून मला घाबरवत नाही. वेळेवर ऑइल बदललेलं असेल तर हे इंजिन अजून पुष्कळ चालेल. बदललेलं नसेल, तर लाखभर चाललेली गाडीही नको.

म्हणून पहिली मागणी सर्व्हिस हिस्टरीची. एजंटच्या फाइलमधली नको. गाडीचा नंबर घेऊन मालकालाच सोबत अधिकृत सर्व्हिस सेंटरवर न्या आणि तारीखवार नोंदी पडद्यावर बघा. माझ्या मेहुण्याने काही वर्षांपूर्वी एक डिझेल सेडान घेतली, मीटरवर ८८ हजार. महिन्याभराने सर्व्हिस सेंटरवर कळलं की तिची दोन वर्षांपूर्वीची नोंद १ लाख ७१ हजारांची होती. विकणाऱ्याने हात वर केले. दीड लाखाचं नुकसान तर झालंच, पण त्या घरात कितीतरी दिवस त्या गाडीत कुणी आनंदाने बसलं नाही, हे मला जास्त लागलं. त्या नोंदी आधी बघायला अर्धा तास पुरला असता.

तुमच्या गाडीत मला दुसरी शंका आहे, ती पत्त्याची. आरसीवर चिपळूण, गाडी २०१६ ची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही गाडी कुठे उभी होती? हा प्रश्न मालकाला सरळ विचारा आणि उत्तर ऐकून घ्या, पण त्यावर थांबू नका. त्या जुलै ते ऑक्टोबरमधल्या सर्व्हिस नोंदी बघा, त्या वर्षीचा इन्शुरन्स क्लेम विचारा. मग स्वतः तपासा: पुढचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालच्या रुळांवर, पेडलच्या वरच्या सांध्यात गंज आहे का, कार्पेट उचलून खालचा फोम हाताला कसा लागतो, हे पाहा. २०१६ च्या डिझेल अर्टिगात एसएचव्हीएस आहे, म्हणजे नेहमीच्या अल्टरनेटरच्या जागी स्टार्टर-जनरेटर आणि त्याला मोठी बॅटरी. पाण्यात बुडालेल्या गाडीत ही वायरिंग आज ना उद्या त्रास देते, आणि ती बॅटरी साध्या बॅटरीच्या भावात येत नाही. पुरातली गाडी निघाली तर किंमत कितीही उतरवली तरी सोडून द्या. इथे घासाघीस नको.

इंजिन बघण्यासाठी एकच गोष्ट काटेकोर पाळा: गाडी रात्रभर उभी असलेली हवी. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गार हवं. मग चावी फिरवा. एका झटक्यात सुरू झाली पाहिजे. सुरुवातीला थोडा धूर ठीक, पण निळसर धूर राहिला तर इंजिन ऑइल खातंय, पांढरा राहिला तर नोजल किंवा कॉम्प्रेशनचं दुखणं, रेस केल्यावर काळा लोट आला तर नोजल, टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) यांपैकी काहीतरी. गाडी आयडलला चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून बघा. थोडी वाफ ठीक आहे. झाकण थडथडत असेल, भकाभका धूर येत असेल, तर इंजिन बॅक मारतंय. त्याचा अर्थ रिंगा, पिस्टन, म्हणजे इंजिनकाम. तिथूनच नमस्कार करून निघा.

ते पार पडलं तर गाडी शिरगावच्या बाजूने घाटाकडे काढा. तुमचं सगळं आयुष्य या गाडीबरोबर कुंभार्ली घाटात जाणार आहे, मग तपासणीही तिथेच व्हायला हवी. गावातल्या सपाट रस्त्यावरच्या दोन किलोमीटरला काही अर्थ नाही. एसी चालू, चार माणसं आत. तिसऱ्या गिअरवर २,००० आरपीएमच्या पुढे टर्बोने पाठीत रेटा दिला पाहिजे. शिट्टी वाढून रेटा नसेल तर पाइप फाटलाय किंवा टर्बो थकलाय. इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी चढत नाही, तर क्लच संपत आला आहे. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर ब्रेकची डिस्क खराब.

यानंतर ओळखीच्या डिझेल मेस्त्रीकडून नोजलची लीक-ऑफ टेस्ट आणि स्कॅनर एवढं करून घ्या. दोन-तीन हजार जातील. चारही नोजल किती डिझेल परत पाठवतात ते या टेस्टमध्ये दिसतं आणि डिझेल गाडीतला सगळ्यात महाग प्रश्न तिथे उघडा पडतो. अशा गाडीच्या पहिल्या वर्षासाठी मी हिशेबात क्लचचे १५ हजार, टायरचे २० ते २२ हजार आणि सस्पेन्शनचे १५ हजार धरतो. नोजल किंवा टर्बो यातलं एक निघालं तर आणखी ३० ते ५० हजार. सगळं एकदम येत नाही. म्हणून ६० हजार बाजूला ठेवा म्हणतो, लाख नाही.

कागदांचं लवकर आटोपतो. एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकून मालकांची संख्या, बँकेचा बोजा, विम्याची मुदत बघा. ई-चलन वेगळं तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. गाडी आधी टी परमिटवर, म्हणजे भाड्याने चालणारी, होती का, हे जरूर विचारा. दोन लाखांच्या घरातल्या अर्टिगा बऱ्याचदा पिवळ्या पाटीवरून पांढऱ्यावर आलेल्या असतात. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, लावलेली हवी, नाहीतर आरटीओचं काम अडतं. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन, अर्ज भरल्याची पावती हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. तोवर इसार पुरे. मालकी बदलल्यावर १४ दिवसांत विमा नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेव्हा हप्ता थोडा वाढेल. एजंट १८ टक्के जीएसटी पूर्ण किमतीवर मागत असेल तर ते चूक आहे: तो कर नोंदणीकृत डीलरच्या नफ्यावर असतो, आणि मालकाकडून थेट घेतली तर लागतच नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही स्वस्तातल्या दिल्ली पासिंग इनोव्हाचं विचारलं आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम ठेवली, तेव्हापासून तिकडून जुन्या गाड्या स्वस्तात येऊ लागल्या. पण तिथली एनओसी, इथला कर, नवं पासिंग आणि न दिसणारी हिस्टरी हे सगळं मिळून ती स्वस्त राहत नाही. नको.

आता पैसे. अर्टिगा ५ लाख ४० हजारांना घेतली आणि चार वर्षांनी सव्वा लाखाला विकली, तर महिन्याला साडेआठ हजारांच्या वर घसारा. डिझेल ७,१००, दुरुस्ती ३,०००, विमा १,०००. एकूण साधारण पावणेवीस हजार. आज प्रवासावर ११ हजार जातात. तुम्ही म्हणाल, घसारा काही दरमहा खिशातून जात नाही. बरोबर, तो आधीच एफडीतून गेलेला असतो, म्हणून तर दिसत नाही. शिवाय गाडीची नोंदणी २०३१ ला संपेल. पुढे फिटनेस, पर्यावरण कर आणि नूतनीकरण. तेव्हा घेणाराही त्याच हिशेबाने भाव पाडेल. आणखी एक: छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या उतरल्या की जुन्यांचा भावही उतरायला हवा. मालक त्याआधीचा भाव डोक्यात धरून बसला असेल तर तो तुमचा प्रश्न नाही.

माझा सल्ला असा. आईवडील, तुम्ही दोघं आणि मुलं मिळून सहा जण वर्षातून किती वेळा एकत्र जाता? पत्रावरून गणपती आणि शिमगा, एवढंच दिसतं. एरवी गाडीत तुम्ही एकटे किंवा दोघं. मग त्याच कुटुंबातलं इंजिन असलेली डिझेल डिझायर बघा, २०१६-१७ ची, दीड लाखाच्या आतबाहेर रनिंग असलेली, पावणेचार लाखांपर्यंत. सहाजणांच्या त्या दोन फेऱ्यांना मोठी गाडी भाड्याने ठरवा. पावणेचार लाख गाडीचे, साठ हजार दुरुस्तीचे, पंधरा हजार कागद-विम्याचे, असे साडेचार लाख. त्यातले तीन लाख एफडीतून, दीड लाख कर्ज. १३ टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता ५,०५० च्या आसपास बसतो आणि तुमच्या महिन्याच्या १२ हजार शिलकीतून तो निघतो. दीड लाखाची एफडी तशीच राहू द्या. तातडीने लागलेच तर त्या एफडीवर कर्ज मिळतं, ते पर्सनल लोनपेक्षा बरंच स्वस्त असतं. वडिलांचा आजार लक्षात घेता ही रक्कम गाडीइतकीच गरजेची आहे. पत्नीचे दागिने गहाण टाकायचा विचार तुम्ही लिहिला आहे, तो कृपा करून सोडा.

तरीही घरच्यांचं मन अर्टिगावरच असेल, वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्यांतून ती सुटली आणि मालक साडेचार लाखांवर आला, तर मी अडवणार नाही. मग कर्ज सव्वादोन लाख, हप्ता साडेसात हजारांच्या थोडा वर. त्यापुढे एक रुपयाही नको.

एजंटला आजच कळवा की शनिवारी सकाळी सातला येतो, तोवर गाडी सुरू करायची नाही. बॉनेट गरम लागलं, तर आईवडिलांना भेटून परत या आणि तो नंबर फोनमधून काढून टाका.