स्टेजवर बोलायचं म्हटलं की हातपाय गार पडतात, सगळं पाठ केलं तर भीती जाईल का?

नाही जाणार. उलट पाठ केलेलं वाक्य मधेच विसरलो तर काय, ही एक नवीन भीती मागे लागते. तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या कार्यक्रमात दहा मिनिटं बोलायचंय आणि आत्तापासून झोप उडालीय, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मी कोकणातला, कुडाळकडचा, दशावतारात म्हणजे आमच्या जत्रांतल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात काम करतो. आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते. जत्रेच्या रात्री रंगपटात तोंडाला रंग लावता लावता आख्यान ठरतं, कोण कधी येणार, शेवट काय एवढंच कळतं, संवाद ज्याचे त्याने उभं राहून बोलायचे. सामान म्हणाल तर एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन. आणि समोर कानाला मफलर गुंडाळून बसलेले म्हातारे, ज्यांना महाभारत तोंडपाठ.

मला पहिल्यांदा कृष्ण दिला तेव्हा आख्यान कृष्णशिष्टाईचं होतं. पडद्यामागे जीभ टाळ्याला चिकटलेली, काळीज असं धडधडत होतं की मृदंग ऐकू येईना. आत गेलो, दोन-चार वाक्यं झाली आणि दुर्योधनाचं काम करणाऱ्या काकांनी न ठरलेला प्रश्न टाकला, "गवळ्याच्या पोरा, तुला राजनीती कोणी शिकवली?" माझी बोटं शेल्याच्या टोकात घट्ट रुतलेली. मृदंगवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि एक थाप जास्तीची दिली, तेवढाच श्वास मिळाला, आणि तोंडातून आलं, "गुरं राखणाऱ्याक बरोबर कळता, खयचा जनावर मोकळा सोडूचा आणि खयचा बांधून घालूचा!" मंडपातून जी आरोळी उठली ना, तो काटा आजही अंगावर येतो. पाठ केलेलं असतं तर हे वाक्य सुचलंच नसतं, कारण डोकं पुढची ओळ शोधत बसलं असतं आणि काकांचा प्रश्न कानात शिरलाच नसता.

धडधड, कोरडं तोंड हे अॅड्रेनलिनचं काम आहे, भीतीत आणि उत्साहात शरीर जवळपास सारखंच वागतं. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रयोग छापले, त्यात भाषण किंवा गाण्याआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणाऱ्यांचं काम चांगलं झालं. आमच्या काकांनी प्रयोग वगैरे कधी वाचले नाहीत, पण ते एन्ट्रीआधी हेच सांगायचे, "धडधडता तां बरां आसा, धडधडूंक नाय तर घराक जा."

माझा मुंबईचा मावसभाऊ स्पर्धेची नाटकं करतो, तो म्हणतो स्क्रिप्ट नाही, तालीम नाही, हे कसलं नाटक. अरे, दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की आज या गावात, उद्या त्या गावात, पहाटे नाटकाच्या शेवटी दहीहंडी फुटेपर्यंत लोकांसमोर उभं राहायचं, ती तालीम नाही तर काय आहे? पाठांतर हीच तयारी असं ज्यांना वाटतं त्यांनी एक रात्र समोर बसावं, मग बोलावं.

तुम्ही पहिली दोन वाक्यं तेवढी घोकून घ्या, बाकी मुद्दे डोक्यात ठेवा आणि समोरच्यांकडे बघून बोला. आकडे किंवा कविता असेल तर मात्र पाठच करा, तिथे माझं म्हणणं लागू नाही. आणि कोणी धडधड कमी करणारी प्रोप्रानोलोलची गोळी घे म्हणून सांगितलं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, दमा असेल तर ती चालत नाही.