स्वतःला समाजवादी म्हणवणारी राज्यं समाजवादाच्या आदर्शांना जागली का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. रशिया, चीन, क्यूबा अशी जी राज्यं स्वतःला समाजवादी म्हणवत आली, ती त्या आदर्शांना जागली का, हा पहिला. आणि जागली नसतील तर आदर्शच खोटा मानायचा का, हा दुसरा. पहिल्याचं माझं उत्तर ‘नाही जागली’ असं आहे, आणि ते मी समाजवादाच्या बाजूनं उभा राहून देतोय. ते तोंडावर यायला मला बरीच वर्षं लागली.

मी सोलापूरचा. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले. आई विड्या वळायची. दिवसाला हजार विड्या हा तिचा हिशेब. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं ते उन्हं कलेपर्यंत. हजार विड्या घेऊन कारखान्यात गेलं की चेकर बंडलं उलगडून बघायचा आणि मूठभर विड्या बाजूला टाकायचा. कधी पान फाटलेलं, कधी तंबाखू कमी, कधी तोंड नीट दुमडलेलं नाही. याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे नाहीत. पण ती विडी परतही मिळत नसे. ती तिथंच राहायची, आणि सगळ्या बायकांची खात्री होती की ती पुढं विकलीही जाते. वळणारीला शून्य, मालकाला फुकटचा माल.

मी सात-आठ वर्षांचा असताना एक दिवस बायका त्या दारातच बसल्या. म्हणाल्या, छाट काढायची तर आमच्यासमोर मोडून टाका, नाहीतर मोजून पैसे द्या. लाल बावट्याच्या युनियनचे दोघं येऊन शेजारी उभे राहिले. तीन दिवस कुणी माल दिला नाही. आमच्या घरी तीन दिवस आमटीत डाळ कमी आणि पाणी जास्त होतं, एवढं मला आठवतं. चौथ्या दिवशी चेकर छाट बायकांसमोर मोडायला लागला आणि छाटीचं प्रमाण आपोआप निम्म्यावर आलं.

माझ्या लेखी समाजवादाची परीक्षा त्या दारात आहे. कारखाना कुणाच्या नावावर हा प्रश्न मोठाच आहे. पण राबणारी बाई मोजणाऱ्याला ‘माझ्यासमोर मोड’ असं सांगू शकते का, आणि सांगितल्यावर तिच्या घरी पोलीस येतात का, हे बघितल्याशिवाय मी कुठल्याही राज्याला समाजवादी म्हणत नाही.

आधी त्यांच्या पदरात जे घालायचं ते घालतो, कारण ते थोडं नाही. झारच्या रशियात १८९७ च्या जनगणनेत ९ ते ४९ वयाच्या शंभरातल्या जेमतेम २८ जणांना वाचता येत होतं. १९३९ मध्ये तो आकडा ८७ झाला. क्यूबानं १९६१ च्या एका वर्षात सात लाखांहून जास्त प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवलं, शाळकरी पोरं कंदील घेऊन खेड्यापाड्यात गेली. ज्यांच्या आयांना अंगठा उठवावा लागला, त्यांना याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. रशियन क्रांतीनंतर काही दिवसांतच आठ तासांच्या दिवसाचा हुकूम निघाला होता. त्या काळी इथल्या गिरण्यांत दहा-बारा तासांच्या पाळ्या चालत.

पण दाराची परीक्षा घेतली की चित्र पालटतं, आणि ते फार लवकर पालटलं. १९१७ मध्ये क्रांतीच्या पुढच्या फळीत होते क्रोनश्टाट बंदरातले खलाशी. मार्च १९२१ मध्ये त्याच बंदरातून मागण्या आल्या: सोव्हिएतच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या परिषदांच्या, निवडणुका गुप्त मतदानानं पुन्हा घ्या, कामगार-शेतकऱ्यांना बोलायचं स्वातंत्र्य द्या, कष्टकऱ्यांचं रेशन सारखं करा. यातलं एक तरी कलम समाजवादाच्या विरुद्ध आहे का? लाल सैन्य गोठलेल्या समुद्रावरून चालत गेलं आणि बंड चिरडलं. त्याच महिन्यात सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या दहाव्या अधिवेशनात पक्षांतर्गत गटांवर बंदी आली. उद्योग कामगार संघटनांच्या हाती द्या म्हणणाऱ्या अलेक्झांड्रा कोलोंताय आणि त्यांच्या साथीदारांचा तिथं पराभव झाला. मालक आणि सरकार आधीच एक झालं होतं. आता पक्षात राहूनही वेगळं बोलायची सोय उरली नाही.

पुढचं मग ओघानंच आलं. जून १९४० च्या कायद्यानं परवानगीशिवाय नोकरी सोडणं हा तुरुंगाचा गुन्हा ठरला. वीस मिनिटं उशीर म्हणजे गैरहजेरी, आणि गैरहजेरीला सहा महिन्यांपर्यंत पगारातला चौथ्यापर्यंत हिस्सा कापून त्याच कामावर शिक्षेची मजुरी. युद्ध संपल्यावरही हा कायदा १९५६ पर्यंत होता. माझे वडील गिरणीच्या भोंग्याला धास्तावलेले असायचे, पण उशिरा गेलं तर दिवस भरायचा नाही, कोर्टात उभं राहावं लागायचं नाही.

नोवोचेर्कास्कची हकिकत मी आईला एकदा सांगितली होती. दक्षिण रशियातलं हे कारखान्याचं गाव. १ जून १९६२ ला सरकारनं मांस-लोण्याचे भाव वाढवले, आणि तिथल्या रेल्वे इंजिनाच्या कारखान्यात त्याच सुमारास उक्त्या कामाचे दरही उतरवलेले होते. कामगारांनी काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी हजारो माणसं मोर्चानं गावातल्या पक्ष कचेरीकडं निघाली. सैन्यानं गोळ्या घातल्या, २६ जण मेले. नंतर सात जणांना मृत्युदंड दिला. मृतदेह रातोरात दूरदूरच्या दफनभूमींत पुरले, चौकातल्या डांबरावर नवं डांबर ओतलं आणि देशाच्या वर्तमानपत्रांत एक ओळ आली नाही. नातेवाइकांना हाडं सापडायला १९९२ उजाडलं.

आई सूप मांडीवर घेऊन ऐकत होती. तिनं विचारलं, मोर्च्यात बावटे कुठले होते? मी म्हणालो, लाल. लेनिनच्या तसबिरीही होत्या. मग तिनं विचारलं, आणि गोळी घालणाऱ्यांचा बावटा? तोही लालच, म्हटलं. तिनं हातातली विडी दोऱ्यानं बांधून बंडलात ठेवली आणि म्हणाली, ‘‘मग त्या बायांनी जायचं तरी कुणाकडं?’’ मी पुस्तकं बरीच वाचली होती, पण हा प्रश्न मला इतक्या सरळ सुचला नव्हता.

खासगी मालकाविरुद्ध युनियनकडं जाता येतं. युनियननं दगा दिला तर दुसरी युनियन काढता येते. कोर्ट आहे, पेपर आहे, पाच वर्षांनी मत आहे. या वाटा अरुंद आहेत, त्यांवर चालताना आयुष्यं संपतात, हे गिरण्या बंद पडलेल्या गावातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. पण जिथं मालक, पोलीस, न्यायाधीश, संपादक आणि युनियनचा अध्यक्ष एकाच पक्षाच्या कचेरीतून नेमला जातो तिथं वाटच नसते. मला वाटतं बिघाडाचं मूळ इथं आहे. नुसत्या स्टालिनच्या स्वभावानं एवढं होत नाही. त्याच्या नंतरच्या, बऱ्यापैकी सौम्य म्हणवणाऱ्या ख्रुश्चेव्हच्या काळातच नोवोचेर्कास्क घडलं.

पोलंडची गोष्टही हेच सांगते. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या लेनिन गोदीतल्या कामगारांनी २१ मागण्या लिहिल्या. त्यातली पहिली पगाराची नव्हती, पक्षापासून स्वतंत्र युनियनची होती. त्यातून उभ्या राहिलेल्या सॉलिडॅरिटी या युनियनचे वर्षभरात सुमारे एक कोटी सभासद झाले. कामगारांच्या राज्यात कामगारांची एवढी मोठी संघटना म्हणजे खरं तर दिवाळीच. त्या राज्यानं १३ डिसेंबर १९८१ ला मार्शल लॉ लावला. मार्शल लॉ हा शब्द सोलापूरकराला अंगावर काटा आणतो. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी तो आमच्या गावावर लादला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. साम्राज्यानं गिरणी कामगारांच्या गावावर जे हत्यार उचललं, तेच कामगारांच्या नावानं चालणाऱ्या राज्यानं कामगारांवर उचललं. मी वर्षानुवर्षं त्या राज्याची बाजू मांडत आलो होतो, म्हणून हे लिहिताना हात जड होतो.

चीनबद्दल लिहिताना तर अधिकच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे, १९१० चा जन्म. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये ३२ व्या वर्षी तिकडंच गेले. शेवटच्या वर्षात ते तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. त्यांचं इथलं घर आता स्मारक आहे. ज्या चीनसाठी त्यांनी जीव दिला, त्या चीननं गेल्या चाळीस वर्षांत कोट्यवधी माणसं दारिद्र्यातून वर काढली, हे खरंच आहे. पण संपाचा हक्क १९७५ आणि १९७८ च्या संविधानांत होता, तो १९८२ च्या संविधानातून काढून टाकला. कायदेशीर कामगार महासंघ एकच, पक्षाच्या हाताखालचा. २०१८ मध्ये शेन्झेनच्या जासिक कंपनीतल्या कामगारांनी स्वतःची युनियन काढायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांना अटक झाली. आणि त्यांना पाठिंबा द्यायला गेलेल्या, विद्यापीठात मार्क्स वाचणाऱ्या पोरापोरींनाही उचललं. तिथं मालक खासगी होता, पोलीस समाजवादी राज्याचे. कोटणीस त्या दारात कुणाच्या बाजूला उभे राहिले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

यावर आमचे जुने कॉम्रेड एक मुद्दा मांडतात आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ही राज्यं वेढ्यात जन्मली. रशियावर परकी फौजा उतरल्या, हिटलरच्या हल्ल्यात सोव्हिएत संघाचे दोन कोटी सत्तर लाखांच्या आसपास लोक गेले, क्यूबावर १९६२ पासून अमेरिकेची नाकेबंदी आहे. रांगा, टंचाई, लष्करावरचा खर्च याचा बराच उलगडा त्यानं होतो. पण कारखान्यातली निवडणूक गुप्त मतदानानं घेतल्यानं वेढा घट्ट होत नाही. छाट समोर मोडल्यानं नाकेबंदी वाढत नाही.

आपल्या देशाचं थोडक्यात सांगतो. संविधानाच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं आला, म्हणजे आणीबाणीत. त्याच आणीबाणीत मधू दंडवते, मृणाल गोरे, जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारखे आयुष्यभराचे समाजवादी तुरुंगात होते. शब्द लिहिणाऱ्याचा आणि तो जगणाऱ्याचा पत्ता वेगळा असू शकतो, हे बघायला मॉस्कोला जायची गरज नाही. उलट ज्या पश्चिम बंगालवर डावे ३४ वर्षं राज्य करत होते, तिथं २०११ मध्ये ते निवडणूक हरले आणि खुर्ची सोडून घरी गेले. त्या कारभारावर मी वाटेल तितकी टीका करीन, पण लोकांनी ‘जा’ म्हटल्यावर ते गेले याचा मला अभिमान आहे.

आता तुमचा दुसरा भाग. आदर्श खोटा आहे का? नाही. वर ज्या ज्या ठिकाणी राज्य नापास झालं, तिथं मागणी करणारे समाजवादाचंच काहीतरी मागत होते: सारखं रेशन, स्वतःची युनियन, कामाचा पुरता दाम. त्यांना नापास करायला बाहेरची मोजपट्टी लागली नाही.

आमच्या इथं कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते बायकांना त्या घरांच्या चाव्या मिळाल्या. इथले कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम आणि लाल बावट्याच्या मागं त्या बायका वर्षानुवर्षं चालल्या, सहकारी सोसायटी केली, केंद्र आणि राज्य या दोन्ही सरकारांकडून पैसे काढले आणि स्वतःचा हिस्सा विड्या वळून भरला. त्या सरकारांपैकी एकही कम्युनिस्ट नव्हतं. आईचं घर तिथंच आहे, कागद तिच्या नावावर. पाण्याचं नीट नसलं की ती सोसायटीच्या बैठकीत उठून पुढाऱ्यालाच जाब विचारते, आणि तो चिडला तरी त्याला उत्तर द्यावं लागतं. परवा मी गेलो तेव्हा ती बैठकीलाच निघाली होती. मला म्हणाली, चहा तूच टाक, मला आज हिशेबाची वही बघायचीय.