घराचा चार्ज कुणी दिला?

"मॅडम, हे रजेवर यायचे तेव्हाच बरं होतं."

हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे, की त्यापुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "असं बोलू नये, पण..." आणि मग त्या दाराकडं बघतात, बाहेर नवरा बसलेला नाही ना म्हणून. सातारा जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करायचं म्हणजे फौजी घरं टळत नाहीत. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाच्या नावातच सैन्य आहे. तिकडं कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळीची तीच कथा. सैन्यात 15 वर्षं भरली की जवान पेन्शनला पात्र होतो. त्यामुळे बाकीची दुनिया बढतीची वाट बघत असते त्या वयात, म्हणजे चाळिशीच्या आगेमागे, आमचे पुष्कळ फौजी कायमचे घरी येतात. स्टेशनवरून मिरवणूक निघते, फेटा बांधतात, हलगी वाजते. सहा महिन्यांनी त्याच घरातली बाई माझ्यासमोर बसलेली असते.

आता जी गोष्ट सांगते ती तशी एका घराची, पण तिच्यात आणखी दोन-तीन घरं मिसळली आहेत. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

गृहस्थ मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, नोकरी 24 वर्षं, वय 43. गावात सगळे त्यांना 'मेजर'च म्हणत. आपल्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, रँक कुणी विचारत नाही. पहिल्यांदा बाई एकट्याच आल्या. तक्रारींची यादी नेहमीचीच. पहाटे पाचला शिट्टी. अकरावीतल्या मुलानं चादरीची घडी कोपऱ्याला कोपरा जुळवून घालायची. चपला दारात एका रेषेत. सासूबाईंनासुद्धा "चहा सहालाच मिळेल" असं बजावलेलं, त्यावर म्हातारीनं ऐकवलेलं, "माझ्या पोटचा तू, का मी तुझ्या पलटणीतली?" हे सांगताना बाई स्वतःच हसल्या.

हसणं थांबलं आणि मग खरी गोष्ट आली. मेजरनी म्हैस विकली होती. न विचारता.

बाईंच्या दोन म्हशी. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल येई आणि त्यातून घर चाले. नवऱ्याचा पगार त्यांनी शक्यतो शेतीसाठी आणि मुलाच्या शिक्षणासाठी राखला होता. बाई बचत गटाला गेल्या होत्या, तेवढ्यात दारावर व्यापारी आला. मेजरनी हिशेब केला: एक म्हैस दूध देत नाही, नुसती बसून खाते, काढून टाका.

"अहो मॅडम, आटवली होती तिला मी. व्यायला दोन महिने राहिले होते."

त्या दिवसापासून नवरा-बायकोत कामापुरतंच बोलणं.

पुढच्या वेळी मेजर आले. पॉलिश केलेले बूट, पाठ ताठ, खुर्चीच्या कडेवर बसलेले. "मॅडम, माझं काय चुकलं ते सांगा, मी लेखी देतो," हे त्यांचं पहिलं वाक्य. या माणसांशी बोलताना मी एक पथ्य पाळते: भावनांपासून सुरुवात करत नाही. 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारलं की ते सावधानमध्ये उभे राहतात. कामाबद्दल विचारलं की विश्राम घेतात. म्हणून मी कोतची चौकशी केली. युनिटच्या शस्त्रागाराला ते लोक कोत म्हणतात, आणि मेजरनी तिथं बरीच वर्षं काम केलं होतं.

"कोतचा चार्ज घेताना काय करायचात?"

त्यांचा चेहरा खुलला. "पहिलं मोजणी. प्रत्येक हत्यार, नंबर बघून. जुन्या माणसाबरोबर उभं राहून. काय नादुरुस्त आहे, काय बाहेर गेलंय, कुणाची सही राहिलीय, सगळं तो सांगतो. मग दोघांच्या सह्या."

"आणि पहिल्याच दिवशी रॅक हलवले तर?"

"कोण हलवू देईल? आधी चार्ज तर घ्या."

"मेजर, घराचा चार्ज तुम्ही कुणाकडून घेतला?"

ते बोलले नाहीत. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकाला बोलण्याचा फार मोह होतो आणि तो आवरणं हेच निम्मं काम असतं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "कुणाकडूनच नाही. मी डायरेक्ट हुकूम सुरू केले." आणि आल्यापासून पहिल्यांदा बायकोकडं वळून बघितलं.

इथं माझा पिंड सांगून टाकते. माणूस एकटा बिघडतो असं मी मानत नाही. घर ही एक बसलेली घडी असते, आणि त्यात कुणी आलं किंवा गेलं की सगळ्यांनाच सरकावं लागतं. कुटुंब-समुपदेशनाच्या या शाखेची पुस्तकं मी वाचली आहेत, पण फौजी घरांनी मला जे शिकवलं ते त्यात नव्हतं. जवानाला वर्षाची 60 दिवसांची आणि 30 दिवसांची कॅज्युअल रजा मिळते, तीही मिळाली तर. फॅमिली क्वार्टर मिळालं तर काही वर्षं एकत्र. बाकी सगळा काळ घर त्याच्याशिवाय चालायला शिकतं, आणि चांगलं चालतं. म्हणून तो परत आला की प्रश्न 'ह्याला घरात कसं बसवायचं' एवढाच राहत नाही. इतकी वर्षं जिनं घर चालवलं तिची बदली झाली आहे आणि तिला ऑर्डर कुणी दाखवलीच नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सत्कार होतो नवऱ्याचा. तिच्या हातून किल्ल्या जातात.

मी दोघांना एक काम दिलं. रोज रात्री जेवणं झाली की अर्धा तास वहीवर. बाईंनी चार्ज द्यायचा, मेजरनी घ्यायचा. मेजरनी फक्त दोन गोष्टी करायच्या, प्रश्न विचारायचे आणि लिहून घ्यायचं. बदल सुचवायचा नाही, पहिला महिनाभर तरी नाही.

वही घेऊन आले तेव्हा तिची पानं बघण्यासारखी होती. सोसायटीचं कर्ज किती, हप्ता कधी. बचत गटातून उचल कुणाच्या नावावर. पाटाच्या पाण्याची पाळी रात्रीची असते तेव्हा शेजारचं कोण सोबतीला येतं आणि त्याला काय द्यायचं. ऊस कारखान्याला घालताना टोळीच्या मुकादमाशी कसं बोलायचं. सासूबाईंची बीपीची गोळी कोणती. मुलगा नववीत एका विषयात नापास झाला होता. भावकीतल्या एकानं बांध कोरला होता, त्याची मोजणी बाईंनी एकटीनं आणली होती.

"हे बांधाचं मला कधी सांगितलं नाहीस," मेजर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"फोनवर काय सांगणार? तुम्ही तिकडं वर. म्हणायचं, इकडचं सगळं ठीक आहे, काळजी करू नका."

मेजर थांबले. मग म्हणाले, "मी पण तेच सांगायचो."

हे मी त्या दोघांकडून शिकले आणि तेव्हापासून प्रत्येक फौजी घराला सांगते. फोन वर्षानुवर्षं चालला, दोन्हीकडून 'सगळं ठीक आहे' गेलं, मायेनंच गेलं. तो तिकडच्या बर्फाबद्दल बोलला नाही, ती इकडच्या बांधाबद्दल बोलली नाही. म्हणून घरी येणाऱ्या माणसाला मनापासून वाटतं, की इथं काही अडचणच नव्हती, सगळं आपोआप चाललं होतं. जे आपोआप चालतं ते आपण सहज बदलू शकतो असं कुणालाही वाटेल. मेजरची म्हैस त्या 'सगळं ठीक'मध्ये गेली.

त्या दिवशी मेजरनी स्वतःहून, ठिकाणाचं नाव न घेता, एका चौकीवरच्या रात्रीबद्दल सांगितलं. बाईंनी ते पहिल्यांदाच ऐकलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही, त्यांचं आहे.

घराचं बरंचसं रुळलं, तरी मेजरचा दिवस रिकामाच होता. सिक्युरिटीची नोकरी बघा म्हणून नातेवाईक मागे लागलेले. माजी सैनिक महामंडळ, म्हणजे 'मेस्को', किंवा पुन्हा वर्दी हवी असेल तर डीएससी, म्हणजे लष्करी ठाण्यांची राखण करणारं डिफेन्स सिक्युरिटी कोअर, हे रस्ते आहेत आणि ते चांगले आहेत. पण आल्या आल्या पुन्हा घर सोडायचं का, हे नवरा-बायकोनं मिळून ठरवावं, मामा-काकांनी नाही. मेजरनी नको म्हटलं.

"तालुक्याच्या माजी सैनिकांच्या बैठकीला जाता का?" मी विचारलं.

"काय करायचंय तिथं? शाल, नारळ, भाषण."

हे त्यांचं अगदीच चूक नव्हतं. 26 जुलैला कारगिल विजय दिवस, 7 डिसेंबरला ध्वजदिन, 14 जानेवारीला माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा 1953 साली त्या दिवशी निवृत्त झाले, म्हणून तो. या दिवशी कार्यक्रम होतात, व्हायलाच हवेत. पण पुढच्या रांगेत पाहुणे, मध्ये माजी सैनिक आणि पार मागे, पंख्याचा वारा पोचत नाही तिथं वीरमाता, वीरपत्नी आणि बायकामुलं, ही बैठकव्यवस्था मी अनेकदा पाहिली आहे आणि मला ती खटकते. ज्यांचं काम अडलेलं असतं ते नेमके मागे बसलेले असतात.

मी मेजरना म्हटलं, सत्कार घ्यायला जाऊ नका, ड्यूटी मागायला जा.

ड्यूटी होती आणि भरपूर होती. पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेतून येते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, पंचाहत्तरीच्या आजोबांना पासवर्ड आठवत नाही. त्याहून मोठं दुखणं म्हणजे नावातली तफावत. जुन्या रेकॉर्डला बायकोचं एक नाव, आधार कार्डाला दुसरं, जन्मतारीख तिसरीच. नवरा हयात असताना कुणाला फरक पडत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्या बाईला रेकॉर्ड ऑफिसपर्यंत कागद फिरवावे लागतात. 2003 पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएसची आरोग्यसेवा आहे, पण कार्ड काढणं, पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेणं हे सगळ्यांना जमत नाही. मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलींना महिना 3000 आणि मुलांना 2500 रुपये, तिची मुदत निघून गेल्यावर आठवण होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक तालुक्याला येतात, पण एक माणूस किती पुरणार?

मेजरनी टेबल मांडलं. कोतची शिस्त तिथं कामाला आली: प्रत्येकाची एक फाईल, नंबर, राहिलेल्या कागदाची चिठ्ठी वर लावलेली. एका वीरपत्नी आजींच्या नावातली दुरुस्ती त्यांनी सोडली नाही, पूर्ण होईपर्यंत. बाईंनी काय केलं तर बैठकीच्याच दिवशी बायकांची वेगळी बसायची सोय लावली. तिथं भाषण नाही. तिथं 'रजेवर यायचे तेव्हा बरं होतं' हे वाक्य मोठ्यानं म्हणता येतं आणि दहा जणी हसतात. माझ्या मते तालुक्यातला तो सगळ्यात उपयोगी उपक्रम आहे, आणि त्याला खर्च चहाचा.

सगळ्या घरांचं दुखणं वहीनं बरं होत नाही, हेही सांगायला हवं. झोप महिनोन्महिने उडालेली, रात्री ओरडून उठणं, कँटीनची बाटली रोजची झालेली, हात उचलणं, किंवा 'मी नसतो तर बरं' असलं बोलणं, यातलं काही दिसलं तर ते 'जुळवून घेणं' म्हणून सोडू नका. सरळ मनोविकारतज्ज्ञाकडं. ईसीएचएसमधून ते उपचार मिळतात. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. सैन्यदलातल्या लोकांसाठी आणि कुटुंबांसाठी 2023 च्या डिसेंबरात पुण्याच्या एएफएमसीमध्ये, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, त्याचा वेगळा कक्षही सुरू झाला. हात उचलला जात असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सोय, समजूत नंतर.

ज्यांच्या घरचा माणूस येत्या वर्षा-दोन वर्षांत येणार आहे त्यांनी चार्जची वही शेवटच्या मोठ्या रजेतच सुरू करावी. फोनवर 'सगळं ठीक'ऐवजी आठवड्याला एक तरी खरी अडचण सांगावी, लहानशी का होईना. आणि त्यांनाही एक विचारावी. बायकोचं, मुलांचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते युनिटमध्ये असतानाच बघून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैन्याच्या रेकॉर्डमधल्या दुरुस्तीची नोंद, करून घ्यावी, नंतर तेच काम कितीतरी लांबतं. बँक खातं दोघांच्या नावावर करावं. आणि नवरा समुपदेशनाला यायला तयार नसेल, "मी काय वेडा आहे का" म्हणत असेल, तर त्याच्यासाठी थांबू नका. आधी तुम्ही एकट्या या. मेजरच्या घरीही सुरुवात तशीच झाली होती.