अक्षर शिकू द्या, शाळा सोडू देऊ नका

ताई,

मुलगा दहावीत आहे, शाळा सुटली की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला मामाकडे दगडावर अक्षरं कोरत बसतो, आता ‘शाळा पुरे’ म्हणतो; मशीनच्या दिवसांत छिन्नी-हातोडीवर त्याचं पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंय.

तुमची धास्ती खोटी नाही. कोनशिला, देणगीदारांच्या पाट्या, समाधीचे दगड ही कामं आता बरीचशी मशीनवर होतात. पण मशीन संगणकात घातलेलं अक्षर तेवढं कापतं. ‘श्री’ला किती जागा सोडायची, जोडाक्षर कुठे दाटतं, देवळाच्या अंधाऱ्या भिंतीवर वाचता यावं म्हणून खोबण किती खोल घ्यायची, हे माणसालाच ठरवावं लागतं. मामांकडून त्याने हे शिकावं. दगडावर चुकलेलं खोडता येत नाही, म्हणून सगळा जीव आखणीत असतो. वर्षभर नुसती आखणी करायला लावली तरी कुरकुर करू नये.

दुसरं, कन्नड अक्षरावरही हात बसवावा. कर्नाटकात २०२४च्या कायद्याने दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालंय. या विषयावर आपल्याकडे मनं दुखावलेली आहेत, हे मी जाणतो. तरीही दोन्ही लिप्या सुबक काढणाऱ्याला इथे काम मिळतं, असं माझं ठाम मत आहे. तुमच्याच तालुक्यात हलशीला कदंब राजांचे पाचव्या-सहाव्या शतकातले ताम्रपट सापडले. त्यांची छायाचित्रं त्याला जरूर दाखवा.

शाळा मात्र सोडायची नाही. बारावीनंतर दृश्यकलेच्या पदवीला उपयोजित कला घेतली, तर अक्षररचना आणि संगणक दोन्ही हाताशी येतील. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत पाथरवटाला प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पण वय १८ पूर्ण लागतं. म्हणजे आत्ता शाळा सोडून तिथेही काही पदरात पडणार नाही.

एक गोष्ट आजच करा. दगडाच्या बारीक धुळीने फुप्फुसं कायमची निकामी होतात, सिलिकोसिस म्हणतात त्याला, आणि गेलेलं फुप्फुस परत येत नाही. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ती धूळ अडत नाही. एन-९५ मास्क हवा, ग्राइंडर चालताना दगडावर पाणी हवं. मामांना हे पटलं नाही, तर भावाशी भांडा, पण पोराला तसं बसू देऊ नका.