विशेषणे खोड, वेळ लिही

प्रिय मुली,

आजीच्या वर्षश्राद्धाला वाचण्यासाठी तू लिहिलेली दोन पाने मिळाली. नातेवाइकांना त्यात ‘सेवाव्रती परिचारिका’ हवी आहे, तुला चित्रे काढणारी आणि गुलाब लावणारी आजी हवी आहे, आणि या दोघींना एकत्र कसे बसवावे हे सुचत नाही, असे तू म्हणतेस. ही अडचण मला खरी वाटत नाही. पहिल्याच पानावर मी 11 विशेषणे मोजली. त्या गर्दीत आजी कुठे दिसत नाही, ही खरी अडचण आहे.

वॉर्डात तिने मला पहिली ताकीद दिली ती हीच, की ‘रुग्ण बरा आहे’ असे नोंदवहीत लिहायचे नाही. ताप किती, नाडी किती, लघवी झाली की नाही आणि हे सर्व किती वाजता पाहिले, एवढे लिहायचे. कारण रात्रपाळी संपवून आपण निघून गेल्यावर सकाळच्या परिचारिकेला आपल्या मायेचा उपयोग नसतो, नोंदीचा असतो. नाशिककराला खरे तर हे सांगावे लागू नये. गोदावरीला पूर आला की आपण ‘मोठा पूर’ म्हणून थांबत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, ते विचारतो.

रात्रपाळी उतरल्यावर ती पुष्कळदा घाटावर बसून जलरंगात एक चित्र करी आणि सहीऐवजी खाली लिही : ‘स. 7.20, ऊन कोवळे, वारा नाही.’ 2008 च्या सप्टेंबरातला पूर ओसरल्यावर तिने देवळांचे कळस रंगवले नाहीत. भिंतींवर गाळाने ओढलेली रेघ रंगवली. याला ‘फावल्या वेळचा छंद’ म्हणणाऱ्या तुझ्या काकांना फ्लॉरेन्स नाइटिंगेलची आकृती दाखव. तिच्या हातातला दिवा सर्वांना ठाऊक असतो. पण 1858 मध्ये तिने क्रिमियाच्या युद्धातले सैनिकांचे मृत्यू महिन्यागणिक रंगात मांडले, जखमांचे तांबड्यात, टाळता येण्याजोग्या रोगांचे निळ्यात, आणि त्या निळ्यापुढे तांबडा अगदी थोडा उरला. दर 12 मे रोजी, म्हणजे तिच्या जन्मदिवशी, परिचारिका दिनाला आम्ही दिवे लावण्याच्या तयारीत असताना तुझी आजी हीच आकृती मोठ्या कागदावर रंगवून भिंतीला लावत असे. आता सांग, ती त्या वेळी परिचारिका होती की चित्रकार?

गुलाबांचेही तसेच. रानगुलाबाच्या खोडावर कलमाचा डोळा, म्हणजे चांगल्या गुलाबाचा कोंब, भरताना ती साल इंग्रजी टी अक्षरासारखी चिरी, डोळा आत सरकवी आणि पट्टी अशी बांधी की कोंब मोकळा राहावा व आत पाणी शिरू नये. त्या पट्टीची गाठ मी ओळखली होती. ती वॉर्डातलीच होती. प्रत्येक कुंडीला तारखेची चिठ्ठी असे. (एकेकाळी गुलशनाबाद म्हणवणाऱ्या या शहरात आता गुलाबांपेक्षा द्राक्षांचीच चर्चा अधिक, अशी तिची तक्रार असे, ती मात्र तू लिहिलीस तरी चालेल.)

मी इतकी चिडून का लिहिते आहे, तेही सांगते. तिच्या निवृत्तीच्या समारंभात भाषण मी केले होते. ‘त्यागमूर्ती’, ‘वात्सल्यसिंधू’, काही म्हणून बाकी ठेवले नाही. टाळ्या पडल्या. नंतर चहा घेताना तिने शांतपणे विचारले, “भाषण छान झालं. कोणाबद्दल होतं?” मी लागोपाठ सहा रात्रपाळ्या करून उभी होते, इतरांची भाषणे माझ्याहून वाईट झाली होती, आणि समारंभात माणसांना हेच ऐकायचे असते, असे मी आजही स्वतःला समजावते. पण तिच्याबद्दल मला जे ठाऊक होते, ते तिच्यासमोर म्हणण्याची ती एकच वेळ होती, आणि ती मी शब्दांच्या आरासीत घालवली.

म्हणून तू विशेषणे खोड. भीती वाटेल, पाने रिकामी दिसतील, तरी खोड. चित्रे भिंतीवरून उतरवून त्यांच्या पाठी तपास, तिथेही ती लिहीत असे. रविवारी सकाळी सर्व घेऊन माझ्याकडे ये. आणि मागच्या दारच्या गुलाबाची ऑक्टोबरातली छाटणी यंदा कोणी केली, किती डोळे ठेवले, हे तू पत्रात कळवलेले नाहीस.

तुझ्या आजीची धाकटी सहकारी